ऊन पाण्याची सोय

आक्काच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे गुरुदासांना आठवलं ते न्हाणीघराच्या भिंतीत ड्रिलचं टोक घुसलं तेव्हा. आठवलं म्हणणंही तसं खरं नव्हे. दोन वर्षं ते विसरलेच नव्हते. पण जांभ्याची लाल भुकटी भुरुभुरु खाली पडू लागली आणि त्या पत्रातली ओळ न् ओळ पुन्हा डोळ्यांपुढून सरकली.

"मास्तरांनू, ह्या उंचीर बरा मा?" स्टुलावर उभ्या असलेल्या बाबलीने मशीन थांबवून विचारलं.

"तुका कसा वाटता?"

"माका काय वाटूचा आसा? हय न्हावंक मी येवचंय नाय."

"मीय नाय," गुरुदास हळूच म्हणाले.

"मग कोण? तुमच्या न्हाणयेत देवचार न्हाता?"

धुळीने भरलेला चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसत त्यांनी भिंतीकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "नळ मात्र खाली घे. बसान न्हाणाऱ्या माणसाचो हात पुरूक होयो."

रेवंडीतल्या आणि खाडीकाठच्या आणखी चार वाड्यांतल्या घरांची वीज बाबलीच्या हातची. पन्नाशीचा माणूस, तोंडाने फटकळ, कामाला चोख. गुरुदास वायंगणकरांना तो इतरांसारखाच 'मास्तर' म्हणे. वास्तविक गुरुदासांनी जन्मात एक दिवस शाळेत शिकवलं नव्हतं. गावच्या वाचनालयात ते एकोणचाळीस वर्षं पुस्तकं देत-घेत होते. पण ज्याच्या हातात कायम पुस्तक तो मास्तर, असा गावाचा साधा हिशेब, आणि तो खोडून काढण्याइतकं बोलणं गुरुदासांना कधी जमलं नाही. लग्न जमलं नाही ते बहुधा त्याच कारणाने. मुलगी बघायला गेले की हे तिच्या घरातली पुस्तकं बघत बसायचे.

आक्का म्हणजे आनंदी, त्यांची थोरली बहीण. आरोंद्याला दिलेली. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा सर्वेश, सून शर्मिला, बरं चाललेलं घर. दोन वर्षांपूर्वी, तुळशीच्या लग्नानंतर चारच दिवसांनी तिचं आंतरदेशीय पत्र आलं होतं. डोळ्यांना दिसेनासं झाल्यापासून आक्का सांगायची आणि शर्मिला लिहायची. अक्षर शर्मिलाचं, शब्द बरेचसे शर्मिलाचे, पण मधेच आक्काचा आवाज ऐकू यायचा:

"पहाटे पाय आखडतात. ऊन पाणी अंगावर घेतल्याशिवाय सुटत नाहीत. दोन महिने घरी येऊन राहावं असं फार मनात आहे. पण गुरु, मला आता वाकून चूल पेटवायला होत नाही आणि धूर गेला की दम लागतो. आपल्या घरी विजेवर ऊन पाण्याची सोय झाली आहे काय? झाली असल्यास कळव, म्हणजे येते. झाली नसल्यास तसं कळव."

प्रश्न एवढाच होता. उत्तर होय किंवा नाही.

गुरुदासांच्या न्हाणीत तेव्हा होता तो आईच्या वेळचा तांब्याचा भाण. मातीच्या चुलीत अर्धा बसवलेला, पाच कळशा पाणी मावेल एवढा. त्याच्या खाली सुकलेल्या झावळ्या आणि नारळाची सोडणं सरकवायची, फुंकायचं, डोळे चोळायचे. लग्न होईपर्यंत ते काम आक्काचंच होतं. तेव्हा 'सोय नाही' हे खरं उत्तर. पण 'सोय नाही' लिहिणं म्हणजे 'येऊ नको' लिहिणंच झालं. 'सोय आहे' लिहावं तर ते खोटं. 'करतो' लिहावं तर कधी? तारीख नसलेला वायदा गुरुदासांनी वाचनालयाच्या कार्डावरसुद्धा कधी लिहिला नव्हता. तेव्हा त्यांनी ठरवलं, आधी सोय करू, मग एका वाक्यात लिहू: सोय झाली, ये.

फोन करता आला असता. पण फोन सर्वेशचा, आक्काला ऐकू कमी येई, आणि पत्राला पत्रानेच उत्तर द्यायचं असतं असं मानणाऱ्यांपैकी गुरुदास होते. शिवाय फोनवर ते 'बरं, बरं' यापलीकडे जात नसत.

घोडं अडलं ते सोय करण्यात.

ज्याला पुस्तकांची सवय असते तो कुठल्याही कामाची सुरुवात वाचण्यापासून करतो. वाचनालयात घरगुती विजेवरचं एक जुनं पुस्तक होतं, वाळवीने कडा खाल्लेलं. ते त्यांनी तीनदा वाचलं. एक वही घातली. पहिल्या पानावर पाण्यात बुडवायचा रॉड. स्वस्त, पण चालू असताना पाण्यात बोट घातलं तर माणूस जातो. खाली लिहिलं, 'आक्काला दिसत नाही.' दुसऱ्या पानावर नळ सोडताच पाणी तापवणारा छोटा गिझर. तिसऱ्यावर पाणी साठवून तापवणारा मोठा. चौथ्यावर सूर्याच्या उन्हावरचा, आणि त्यापुढे, 'पावसाळ्यात काय?' प्रत्येक पानावर गुण दोन-तीन आणि शंका मात्र पानभर. विहिरीचं पाणी खाडीच्या अंगाने जरा मचूळ, त्याने आतल्या कॉइलला क्षार धरतो असं कुणी सांगितलं. ती एक नवीन शंका झाली.

मग बाबलीला बोलावलं. त्याने मीटरच्या पेटीत डोकं घातलं आणि हसतच बाहेर काढलं.

"मास्तरांनू, ही वायर तुमच्या बापाशीन घातलेली. हेच्यार गिझर लावलास तर पाणी नाय तापाचा, घर तापात!"

म्हणजे मीटरपासून नवी जाड वायर. त्याआधी नवं अर्थिंग, कारण जुनं कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्थिंगला खड्डा हवा, आणि परसातला कातळ मार्चमध्ये पहारीला दाद देईना. "पावसान मऊ पडांदे," बाबली म्हणाला. पावसात तो म्हणाला, "आता पाणी भरता, दसऱ्यानंतर बगूया." दसऱ्यानंतर गुरुदासांनीच विचारलं नाही. आक्का ओल्या हाताने नळ सोडते आहे, असं चित्र त्यांना उगाचच दिसायचं आणि मग त्यांची छातीच होत नसे. लोक म्हणत, मास्तरांचं तळ्यात-मळ्यात चाललंय. लोकांना पत्राचं माहीत नव्हतं.

एकदा धीर करून ते कुडाळला दुकानात गेले होते. काउंटरवरच्या तरुणाने विचारलं, "घरात माणसं किती?"

"एकच," गुरुदास म्हणाले. खरं तेच होतं.

"मग काका, तीन लिटरचा छोटा घ्या. तुम्हाला भरपूर झाला."

त्याला कसं सांगायचं, की मला नको आहे, माझी बहीण येणार आहे, म्हणजे येईल, म्हणजे मी लिहिलं तर येईल? 'विचार करून येतो' म्हणून गुरुदास परतले. बसमध्ये त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली, की कसालला उतरून पुन्हा मागे जावं असं मनात आलं. उतरले नाहीत.

त्या दिवाळीत ते भाऊबीजेला गेले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ताप आला असं सर्वेशला कळवलं. उत्तर न देता ताटासमोर कसं बसायचं? पुढच्या दिवाळीलाही ताप आला.

मधे श्रावणात सर्वेशचा फोन आला होता. "मामांनू, आवस अंगणात शेवाळार घसारली. तसा काय नाय, बरी आसा. आराम कर म्हणान सांगल्यानी हत डॉक्टरांनी." गुरुदासांनी 'बरं, बरं, जपा' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओटीवर बसून राहिले. तसा काय नाय. त्यांनी ते शब्द घट्ट धरून ठेवले.

शेवटी निवड झाली ती वहीत नव्हे. या मार्गशीर्षात एका सकाळी ते भाणातलं पाणी काढून अंगावर घेत होते आणि आक्का कशी न्हायची ते त्यांना आठवलं. लग्नानंतर माहेरी आली की आधी न्हाणीत शिरायची. बादली काठोकाठ भरून घ्यायची, दगडावर बसायची आणि सात-आठ तांबे एकामागोमाग एक, मधे श्वास न घेता, डोक्यावरून ओतायची. आरोंद्याला सर्वेशने छोटा गिझर बसवला तेव्हा भाऊबीजेच्या ताटावरच ती म्हणाली होती, "बारीक धार सोडता मेलो. मांजर मुतल्यासारखी. तेच्याखाली बसान कोणाक ऊब येतली?"

म्हणजे छोटा नको. मोठाच, पंधरा लिटरचा, एकदम बादली भरणारा. बटण दाराबाहेर, म्हणजे ओला हात लागणार नाही. नळ खाली. दुसरा तांबा अंगावर ओतेपर्यंत सगळं ठरलं होतं. गुरुदास पाटावर तसेच ओलेते बसून राहिले. एवढंच होतं तर दोन वर्षं आपण कशाची पानं भरत होतो? यंत्राबद्दल मिळेल ते वाचलं, आणि जिच्यासाठी यंत्र ती कशी न्हाते, एवढं आठवायला दोन वर्षं लागली.

आठ दिवसांत बाबलीने पावसाने मऊ पडलेल्या परसात पुरुषभर खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि खडेमीठ घातलं, नवी वायर ओढली आणि आज गिझर भिंतीवर चढवला. दुपारी दीडच्या सुमाराला त्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला. दोघेही त्या दिव्याकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने दिवा विझला तेव्हा बाबलीने नळ सोडला आणि बादलीत धबधबा पाणी पडलं, वाफाळतं.

"घाला हात," बाबली म्हणाला. "घाला हो! मी आसंय मा हय. गेलास तर वांगडाच जावया."

गुरुदासांनी बोटं बुडवली. चटका बसला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते चटक्याचंही असू शकेल.

"आता कोण न्हाणारा आसा तेका बोलवा," बाबली हत्यारं आवरत म्हणाला.

गुरुदास त्या दुपारी दौत-कागद घेऊन बसले खरे. 'ती. आक्का, शि. सा. न.' एवढं झालं आणि पुढे हात चालेना. दोन वर्षांनी काय तोंडाने लिहायचं? त्यापेक्षा जाऊन तिला घेऊनच यावं. सरळ गाडी सांगावी आणि आणावी. पत्र लिहायचं टळेल, हा त्यातला भाग त्यांनी स्वतःलाही मोठ्याने सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मालवणहून सावंतवाडी आणि तिथून आरोंदा अशी बस करून ते पोचले तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. शर्मिला अंगणात सुपारी वाळत घालत होती. तिने पदर सावरला.

"मामांनू! वाट चुकलास काय?"

हसून बोलली, पण शब्द नेमके ठेवलेले होते. गुरुदासांनी पिशवीतली केळी पुढे केली. "आक्काक घेवन जावंक इलंय," ते एका दमात म्हणाले. वाटभर त्यांनी हेच वाक्य घोकलं होतं.

शर्मिला त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तुमका ह्यांनी सांगूक नाय?"

"घसारली म्हणान सांगल्यान."

"कमरेचा हाड मोडला, मामांनू. डॉक्टर म्हणाले, छातीचा दुखणा आसा, ऑपरेशन सोसूचा नाय. तेव्हापासून पडान आसत." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमका घाबरवूचा नाय म्हणान ह्यांनी तसा सांगल्यानी. माका वाटला, मागाहून तुमका कळला आसतला."

गुरुदास ओटीच्या पायरीवर उभे होते, ते पायरीवरच राहिले. पोफळीच्या झावळ्या वाऱ्याने सळसळत होत्या. चपला काढायच्या आहेत हे त्यांना शर्मिलाने पाणी आणून दिलं तेव्हा लक्षात आलं.

आक्का आतल्या खोलीत खिडकीशी खाटेवर होती. ती एवढी लहान कधी झाली? खिडकीतून फाटक दिसत होतं. तिला ते दिसत नसणार, पण तोंड तिकडेच होतं.

"कोण तो?"

"मी गो. गुरु."

"गुरु?" तिने मान वळवली. हात चाचपत पुढे आला आणि त्यांच्या मनगटावर स्थिरावला. "सुकलंस रे. हाडां लागतत हाताक. जेवतंस काय नुसती पुस्तकां खातंस?"

"आक्का, गिझर बसवलंय," ते म्हणाले.

"कोणी? तू?"

"बाबलीन. काल."

"केवढो?"

"पंधरा लिटरचो."

"बालदी भरता?"

"काठोकाठ. मांजराची धार नाय. नळ खाली घेतलंय, बसल्या जाग्यार हात पुरता. बटण दाराच्या भायर. आणि अर्थिंग नवा केलंय. खड्ड्यात कोळसो घातलंय, मीठ घातलंय..."

"मीठ?" आक्काचं अंग हसण्याने हललं आणि लगेच दुखण्याने आवळलं. कळ जाऊ देऊन ती म्हणाली, "माझ्या न्हाणाक मीठ नि कोळसो! गिझर बसवलंस काय दृष्ट काढलंस रे माझी?"

दाराशी उभी असलेली शर्मिलाही हसली. क्षणभर ते सगळं खरंच होणार आहे असं वाटलं.

तेवढ्यात शेजारची सीता आली. आक्काच्याच वयाची, काठी आपटत येणारी, गावातल्या गप्पांची कुठलीही गजाल जिच्यावाचून पुरी होत नाही अशी. पाहुणा आल्याचं तिला फाटकावरूनच कळलं असणार.

"हो काय तो भाव?" गुरुदासांना आपादमस्तक न्याहाळत ती म्हणाली. "बरा झाला बाय, आनंदी. टपाल खंय पोचूक नाय ता नाय, पण माणूस तरी गावलो."

शर्मिलाने सावरायला म्हटलं, "पोस्टाचा काय खरा नसता हल्ली. मामांका ता पत्र गावूकच नसात." आणि तिने गुरुदासांकडे पाहिलं. वाट अशी मोकळी करून दिलेली होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

आक्काचा हात अजून मनगटावर होता. तो दाबतही नव्हता, सोडतही नव्हता.

"गावला होता," ते म्हणाले. "चवथ्या दिवशीच गावला."

सीतेने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. थोड्या वेळाने कोंबड्यांचं निमित्त काढून ती गेली. शर्मिला चहा टाकायला आत गेली.

"खरा बोललंस ता बरा केलंस," आक्का म्हणाली.

"आक्का, माका लिवचा होता. सोय झाल्यार लिवया म्हणान..."

"म्हायत आसा माका. तू पयल्यापासून तसो. निबंधाची वही कोरी ठेवन शाळेत मार खाल्लंस, पण चुकीचा लिवक नाय." तिने श्वास घेतला. "पण मी ता पत्र शर्मिलाकडसून लिवन घेतलंय तेव्हा सीता हय बसलली. सर्वेश होतो. मीच सांगलंय सगळ्यांका, माझो भाव बोलवतलो, मी दोन म्हयने जातलंय. लुगडी काढून ठेवलंय. मग ती पोस्टवाली भक्ती रोज फाटकाफुडसून जाता. गुणाची रे पोर. 'आजी, आज नाय हां,' म्हणता. मी विचारूक नाय तरी म्हणता. दोन वर्सां म्हणता."

गुरुदासांनी खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाला निळा रंग दिलेला होता.

"घरात कोण एक शब्द बोलूक नाय," आक्का पुढे म्हणाली. "शर्मिला तर नायच. ताच लागता रे. माहेरान विचारूक नाय म्हणान सून सांभाळून घेता."

"चल, मी गाडी सांगतंय," गुरुदास म्हणाले. आपण काय बोलतो आहोत हे त्यांना बोलतानाच कळत होतं. "आडवी ठेवन नेवया. बाबली येतलो वांगडा..."

"खंय चलू? कुशीर वळाक दोन माणसां लागतत माका." ती हे अगदी शांतपणे म्हणाली. "ता ऱ्हवला आता. तू एक कर. घराक जा आणि माका उत्तर धाड."

"आता? मी इलंय मा हय."

"तू इलंस, तू जातलंस. पत्र ऱ्हवता. पोस्टान येवंक होया. भक्तीन फाटकातसून हाक मारूक होयी. शर्मिला वाचतली, सीतेक मी बोलवतलंय."

"काय लिवू?"

"ये म्हणान लिव."

"पण तुका तर..."

"ता तुका म्हायत, माका म्हायत. पत्राक कित्याक सांगूचा?"

गुरुदास मान खाली घालून बसले. मग त्यांनी विचारलं, "तारीख?"

"आजची नायतर उद्याची. मागची घालू नको. खोटा नको." मग जरा थांबून, "आणि नुसता 'कुशल' लिवन संपवू नको. चार वळी जास्त लिव. नळाचा लिव. मिठाचा लिव."

शर्मिला गरम पाण्याची बादली आणि टॉवेल घेऊन आली. आक्काचं अंग पुसायची वेळ झाली होती. गुरुदास उठून ओटीवर गेले. आतून शर्मिलाचा आवाज येत होता, "चटको लागता काय? थंड घालू?" आणि आक्काचा, "नको. असोच घाल."

त्याच रात्री ते रेवंडीला परतले. दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडण्याआधीच गुरुदास पोस्टाच्या पायरीवर होते. गावचं पोस्ट एका घराच्या पडवीत. पोस्टमास्तर संचिता, बत्तीस-तेहतीस वर्षांची, वाचनालयाची वाचक. नेलेली पुस्तकं ती वेळेवर परत करत असे म्हणून गुरुदासांना तिच्याबद्दल आदर होता.

"आंतरदेशीय पत्र दे एक," ते म्हणाले. तिने खणातून काढलं, आणि ते हात पुढे करता करता थबकले. आंतरदेशीय पत्राला घडी असते. घडी चिकटवली की आत काय आहे ते फक्त ज्याचं त्याला कळतं. आयुष्यभर त्यांनी सगळं त्या घडीतच लिहिलं होतं.

"नको. कार्ड दे. पोस्टकार्ड."

"कार्ड?" संचिताने वर पाहिलं. "मास्तर, कार्डार सगळ्यांका वाचूक गावता."

"होय," गुरुदास म्हणाले.

पडवीतल्या कट्ट्यावर कार्ड ठेवून ते उभ्यानेच लिहू लागले. कच्चा मसुदा केला नव्हता. एके ठिकाणी शब्द चुकला तो त्यांनी नुसता आडवी रेघ मारून खोडला आणि पुढे गेले. पूर्वी अशा खाडाखोडीसाठी त्यांनी कागद फाडला असता.

"ती. आक्का, शि. सा. न. तुझं पत्र मला दोन वर्षांपूर्वी चौथ्या दिवशीच मिळालं. उत्तर दिलं नाही, हा दोष माझा. पोस्टाचा नव्हे आणि आणखी कुणाचाही नव्हे. तू विचारलं होतंस, विजेवर ऊन पाण्याची सोय झाली काय. झाली. पंधरा लिटरचा गिझर आहे, बादली एकदम भरते. नळ खाली आहे, तुला वाकावं लागणार नाही. धूर नाही. जमिनीत कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं आहे, भिऊ नको. पण हे मी आधी लिहायला हवं होतं, की आपल्या घरी यायला तुला कसलीही सोय विचारायची गरज नव्हती. पाणी मी तापवून दिलं असतं. ते मला तेव्हा सुचलं नाही. केव्हाही ये. दोन महिने नव्हे, मनास येईल तितकं राहा. घर तुझं आहे. तुझा, गुरु."

शेवटच्या ओळी कार्डाच्या कडेने आडव्या लिहाव्या लागल्या. पत्ता घातला. तारीख आजची घातली.

पेटी दाराशीच होती. पण गुरुदासांनी कार्ड संचिताच्या हातात दिलं. शिक्का मारायला तिने ते उलटसुलट केलं आणि तिची नजर अक्षरांवर गेली; जाणारच. पहिल्या दोन ओळींनंतर तिने झटकन मान वर केली, चोरी पकडल्यासारखी. गुरुदासांचे कान तापले होते. माणसांच्या नजरेला नजर द्यायची वेळ आली की ते एरवी छत्री उघडत, चष्मा पुसत, काहीतरी करत. आता ते दोन्ही हात कट्ट्यावर ठेवून उभे राहिले.

"वाच," ते म्हणाले.

तिने वाचलं. कडेच्या ओळींसाठी कार्ड आडवं फिरवून शेवटपर्यंत वाचलं. मग तिकिटावर शिक्का मारला आणि कार्ड सावंतवाडीच्या खणात ठेवलं. त्या खणात दुसरं काहीच नव्हतं.